कोळशाने लिहिलेला नंबर

माझी नातसून कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात ती छापील कागद घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजी, फाळणीनंतर पिंपरीत निर्वासित आले, तेव्हा सरकारचं धोरण कसं होतं? तुम्ही तर जवळून पाहिलंय."

मी चौथी शिकलेली बाई. धोरण मी पाहिलेलं नाही. ते कुणाच्या घरी येत नाही, वहीवाले येतात. मी पार्पती दादीला पाहिलं. तिच्याबद्दल विचार, म्हटलं, ते सांगते. तिच्या कागदावर तसा प्रश्न नव्हता.

पार्पती म्हणजे आपली पार्वती. सिंधी लोक तसं म्हणतात. आणि दादी म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. मला ते ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदा दूध घालायला गेले तेव्हा एखादी म्हातारी असेल असं समजून दार वाजवलं, तर आत पस्तिशीची बाई. उंच, गोरी, डोक्यावरची ओढणी कधी ढळू न देणारी. दार उघडायच्या आधी तिने मला फटीतून इतका वेळ पाहिलं की माझ्या कडेवरचं पोर रडायला लागलं.

आमचं घर पिंपरी गावात. गावाच्या माळावर निर्वासितांच्या बराकी होत्या. आमची जनावरं ज्या माळावर चरायची तो गेला म्हणून गावात कुरकुर होती, आणि माझी सासू त्या कुरकुरीत सगळ्यांच्या पुढे होती. पण दूध त्याच बराकींत खपायचं. सासू कुरकुरत दूध काढायची आणि मी ते नेऊन घालायचे.

"तिला काय भूत लागलंय का?" सासू विचारायची. "दूध घ्यायला आधी फटीतून बघती. म्हशीनं काय चावा घ्येतलाय व्हय तिचा?"

भूत नव्हतं. भीती होती. भित्रं माणूस मी पुष्कळ पाहिलं आहे, मीही काही शूर नाही. पण दादीची भीती घरातल्या भांड्यासारखी होती. रोज घासायची, रोज वापरायची. तिच्या खोलीच्या भिंतीत एकही खिळा नव्हता. कपडे दोरीवर, आणि दोरी खिडकीच्या गजांना. मी म्हटलं, "दादी, एक खिळा ठोक ना, आरसा तरी लाव." तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "कील ठोको तो उठाते हैं," म्हणाली. तिकडे घरात तिने नवा आरसा लावला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात घर सोडावं लागलं होतं. दाराशी एक गाठोडं कायम बांधलेलं. बूट वाजले की पहिल्यांदा चूल विझवायची. बुटांना धूर दिसू नये म्हणून, असं सांगायची.

आणि एवढी भिऊनही, दारात कुणीही आलं तरी आधी भाजलेला पापड आणि पाणी. ती त्यांची रीत. मोजणी करणारा, औषध फवारणारा, खोली रिकामी करा असं सांगायला आलेला, सगळ्यांना पापड. हात थरथरत असायचे, पण पापड करपायचा नाही. पापड लाटूनच ती पोट भरायची. खाटेवर, दोरीवर, खिडकीत, जिथे ऊन पडेल तिथे तिचे पापड.

रोज सकाळी ती आणखी एक काम करायची. चुलीतला गार कोळसा घेऊन दारावर बराकीचा आणि खोलीचा नंबर लिहायची, त्यांच्या लिपीतल्या आकड्यांत. काल लिहिलेला पुसलेला नसला तरी त्याच्यावरून पुन्हा.

का, ते तिने मला एका दुपारी सांगितलं. नवरा तिकडेच राहिला होता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून आगबोटीत घालता येईना. त्याने दादीला शेजाऱ्यांबरोबर पुढे पाठवलं. इथे आल्यावर एका माणसाबरोबर तिने आपला पत्ता धाडला, आणि त्याचं एक पत्र आलं. त्यात होतं, आईचं झालं की निघतो, तू आहेस तिथून हलू नकोस. त्यानंतर काही नाही. पण पत्ता त्याच्याजवळ एकच होता. ही बराक, ही खोली.

"त्याला दुसरं पत्र लिहून विचार ना," मी म्हटलं.

"पूछो मत, गंगू. पूछने से जवाब आता है."

हे ती नेहमी म्हणायची. दुधाचा भाव सोडून तिने मला कधी काही विचारलं नाही.

औषधाचा सरकारी कारखाना तेव्हा नुकता सुरू झाला होता. कॅम्प आता मोडायचा असं बोललं जायला लागलं. एके दिवशी कचेरीबाहेर मराठीत यादी लागली. दादीला आपली मराठी अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून ती मला हाताला धरून घेऊन गेली. मी मोठ्याने वाचलं. वर लिहिलं होतं, निराधार विधवा, यांना दुसऱ्या गावच्या आश्रमात हलवण्यात येईल. खाली नावं. सहावं नाव तिचं.

माझी अक्कल तेवढीच. मी सगळं वाचून टाकलं.

तिने पत्र्याचा खांब धरला. "किसने बताया?" म्हणाली. "सरकार को किसने बताया वो नहीं रहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला वाटलं, ही बातमी आहे. आपला नवरा मेला हे सरकारने यादीत छापून कळवलं, असं तिला वाटलं. ती रडली नाही. खाली बसली आणि डावा हात ओढणीखाली लपवला. त्या हातात तिकडून आणलेल्या बांगड्यांतल्या तीन उरल्या होत्या.

मी तिला ओढतच परब कारकुनाकडे नेलं. हा कोकणातला माणूस, हडकुळा, तंबाखू खाणारा. पहिल्या दिवशी गाडीतून उतरलेल्यांची नोंद त्यानेच घेतली होती. त्याने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत आला आणि थांबला.

"बाई, मी तुम्हांला घोवाचं नाव विचारलं होतं. तुम्ही मान खाली घातलीत आणि रडायला लागलात. मागे ही रांग! मी काय समजायचं? रकान्यात रेघ मारली. रेघ म्हणजे विधवा."

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही. त्यांच्यातही, आमच्यातही. आमच्यात निदान उखाण्यात घेतात. तिला तेही नव्हतं. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईने शिकवलेलं. परक्या गावात, परक्या पुरुषासमोर, गाडीतून उतरल्याउतरल्या ती ते कसं घेईल? गप्प राहिली आणि विधवा झाली.

"मग खोडा की," मी म्हटलं.

"खोडायला वरून हुकूम लागतो."

"लिहायला लागला होता?"

"लिहायला लागत नाही," परब म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता रजिस्टर मिटलं.

परत येताना दादी हसत होती. नवरा मेला नव्हता, नुसती रेघ होती. पण घराशी येईपर्यंत हसू गेलं. इतकी वर्षं तिने विधवेचं धान्य खाल्लं होतं. ही तर चोरी. आणि नवरा जिवंत आहे म्हणावं, तर तो तिकडे का राहिला, तू इकडे कोण, असं विचारतील. काही न बोलावं, तर आश्रमात नेतील, आणि तो आला तर दार वाजवून परत जाईल. तिने माझ्या पोराच्या डोक्यावर माझा हात ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगायचं नाही. मी घेतली.

ती शपथ पंधरा दिवस टिकली.

पुण्याहून तीन शिकलेली माणसं आली, कॅम्पाचा अभ्यास करायला. एक अर्थशास्त्राचे, एक कायद्याचे, आणि एक बाई समाजशास्त्राच्या. वहीवाले आले की बराकींची सगळी रांग आजारी पडायची. त्या दिवशीही सगळी दारं लागली. दादीचं दार लागेना, कारण खाट पापडांसकट दारातच होती. ती तिघं तिथेच थांबली. मी दूध मोजत होते, आणि त्या दिवशी नेमकी सासू बरोबर होती.

तिघांना पापड मिळाला.

अर्थशास्त्राच्या साहेबांनी खाटेवरचे पापड मोजले. "ही बाई स्वतःच्या पायांवर उभी आहे," ते म्हणाले. "फुकट धान्य देऊन सरकार अशा लोकांना पांगळं करतंय. कामकरी म्हणून नोंद करावी आणि मदत बंद करावी."

बाई म्हणाल्या, "तुम्हांला फक्त पापड दिसतात. तिचे हात बघा कसे कापतायत. एकटी राहून ही खचत चालली आहे. हिला आपल्यासारख्या चार बायकांत राहू दिलं पाहिजे. आश्रमच योग्य."

कायद्याचे तरुण होते. त्यांनी चष्मा पुसला. "आधी ही कायद्याने कोण ते ठरायला हवं. आपण ठरवायच्या आधी कागद काय म्हणतात ते पाहू."

तिघंही वाईट नव्हती. तिघंही खरंच तिचं भलं बघत होती. मला त्याचीच भीती वाटली. वाईट माणसाला दार लावून घेता येतं.

सासू म्हणाली, "आन् तिला कुनी इचारलं का?"

"आजी, आम्ही तेच तर विचारायला आलोय," बाई म्हणाल्या.

"न्हाई. तुमी एकमेकांस्नीच इचारताय. आमचा माळ घ्येतला तवाबी असंच झालं. आमच्या दारात उभं राहून एकमेकांशी बोलले आन् गेले."

बाई ओशाळल्या आणि वहीत लिहू लागल्या. लिहिताना मोठ्याने बोलत होत्या. "विधवा. मूल नाही. इथे राहण्याचं खास कारण नाही."

माझ्या तोंडाला कधीच झाकण नव्हतं. "विधवा न्हाई ती," मी म्हटलं. "नवरा जित्ता हाय तिचा, तिकडं. त्याच्यासाठीच बसलीय इथं."

तिघांनी एकदम वह्यांतून माना वर केल्या. दादीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सांगत बसत नाही. तिने वाकून चुलीवर पाणी ओतलं.

त्यानंतर आठ दिवस तिचं दार उघडलं नाही. मी उंबऱ्यावर दूध ठेवायचे, दुसऱ्या दिवशी ते नासलेलं तिथेच. खाट आत, पापड नाहीत. फक्त दारावरचा नंबर रोज ताजा असायचा. मी पोराच्या कपाळाला हात लावून लावून बघायचे, ताप आला का. शपथ मोडली होती ना.

नवव्या दिवशी कायद्याचे साहेब एकटेच आले. त्यांनी दार वाजवलं नाही. बाहेर जमिनीवर बसले, धोतर मळेल याचा विचार न करता, आणि बंद दाराशी बोलले. "बाई, तुम्ही खोटं सांगितलेलं नाही. तुम्हांला कुणी शिक्षा करणार नाही, ते मी बघतो. पण रेघेच्या जागी नाव लिहावं लागेल. नाव असेल तर अर्ज करता येईल, की नवरा येईपर्यंत ही खोली ठेवा. नाव नसेल तर मला काही करता येणार नाही."

दार बऱ्याच वेळाने उघडलं. तिने पापड भाजला, पाणी दिलं. मग ओठ उघडले, पण आवाज निघेना. मी तिला पाठीमागून धरलं. शेवटी तिने कोळसा घेतला आणि उंबऱ्यावर त्यांच्या लिपीत लिहिलं. उजवीकडून डावीकडे.

साहेबांना ते वाचता येईना. पुरुष कामावर, रांगेतली दारं बंद. तेवढ्यात गल्लीत हाक आली, "बांगड्याऽऽ!" आमच्या गावचा उस्मान मणेर. अख्ख्या गावाचे हात त्याने भरलेले. त्याला उर्दू येत होती. पण तो आला की दादी कडी घालायची. दाढी दिसली की तिला तिकडचा तो शेवटचा आठवडा दिसायचा. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडून एक बांगडी भरली नव्हती. म्हणून तर तीनच उरल्या होत्या.

मी तिच्याकडे पाहिलं. ती उंबऱ्याकडे बघत होती. मी हाक मारली, "मणेरकाका, जरा इकडं या."

तो आला. पेटी खाली ठेवली, उकिडवा बसला, डोळे बारीक केले. दादी भिंतीला चिकटून उभी होती.

"ते... तेजूमल," उस्मानकाका वाचू लागला. "तेजूमल वल्द खूबचंद. म्हंजी खूबचंदाचा पोरगा." मग वर बघून म्हणाला, "मालकांचं नाव हाय व्हय ताई? ब्येस हाय. आल्ला त्यास्नी बक्कळ आयुष्य देवो."

दादीने डोळे मिटले. इतक्या वर्षांत ते नाव तिच्या कानांवर पडलं नसेल. घेणारं कोणी नव्हतं. आणि पडलं ते उस्मान मणेराच्या तोंडून. साहेबांनी नाव लिहून घेतलं. मग दादीने काय केलं, तर उस्मानकाकाला पापड भाजून दिला आणि डावा हात पुढे केला. त्याने एकही बांगडी वाढवू न देता हात भरला.

अर्ज गेला. मला वाटलं, आता ती सुधारेल. उलट झालं. पोस्टमन दिसला की ती आत जायची. "हमने पूछ लिया, गंगू," म्हणायची. "अब जवाब आएगा."

थंडी सरता सरता आलं. लांब सरकारी पाकीट. तिने ते घेतलं, पोस्टमनला पापड दिला, आणि पाकीट न फोडता गाठोड्यात खोचलं. मी म्हटलं, फोड तरी. तिने मान हलवली. ते तिथे दीड महिना होतं.

मग आश्रमाकडे न्यायची लॉरी आली. परब कारकून यादी घेऊन एकेका दाराशी येत होता. दादीच्या दाराशी थांबला. "बाई, वरून काही कागद आला का? तो असेल तर बघतो, नसेल तर चढा." लॉरीत पाच बायका आधीच बसल्या होत्या. दादीने गाठोड्यातून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

त्याने फोडलं. कागद इंग्रजीत. तो ओठ हलवत वाचत होता, मग ओठ हलायचे थांबले. त्याने वर पाहिलं. तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे. उस्मानकाकाच्या हिरव्या बांगड्यांकडे.

"खोली ठेवायची," परब म्हणाला. "तुमचं नाव कामकरी बायकांच्या यादीत घेतलंय. पापडांसाठी." त्याने कागद घडी करून तिच्या हातात दिला. "जपून ठेवा. कुणाला दाखवायची गरज नाही."

तो निघाला. मी रिकामी चरवी घेऊन मागे धावले. "खरं सांगा, काय लिवलंय?"

लॉरीपाशी जाऊन तो थुंकला. "तो गेला. आईच्याही आधी गेला, पत्र टाकलं त्याच वर्षी. म्हणून नाव विधवांत ठेवा, आश्रमात धाडा, असं लिहिलंय." मग म्हणाला, "मी चुकून विधवा लिहिलं, आणि ते खरं निघालं. आता खरं लिहायचं तर माझा हात होत नाही. त्या पुण्याच्या साहेबांनी पापड मोजून कामकऱ्यांची शिफारस केलेली आहे. त्या शिफारशीत हिला बसवतो. तुला सांगितलं ही माझी दुसरी चूक. तोंड बंद ठेव, बाये."

मी ठेवलं. आयुष्यात तेवढंच एकदा. पण त्यासाठी तिच्यापासून लांब राहावं लागलं. रोज तिच्यासमोर उभं राहायचं आणि एक दिवस आपलं हे तोंड उघडायचं, ही भीती मला पेलवेना. मी जावेला दूध घेऊन पाठवू लागले. सासूने कारण विचारलं, मी पाय दुखतो म्हटलं. दादीची भीती मी घरी घेऊन आले होते.

शेवटची पाहिली ती दीड-दोन वर्षांनी. जाऊ बाळंत झाली म्हणून मला जावं लागलं. बराकी पाडून त्यांना विटांच्या खोल्यांच्या ओळी दिल्या होत्या. प्रत्येक दारावर तांबड्या रंगात नवा नंबर. दादी पालथ्या डब्यावर उभी राहून त्या तांबड्या नंबराच्या वर कोळशाने जुना नंबर लिहीत होती, बराक आणि खोली. हातांत हिरव्या बांगड्या भरपूर होत्या. आत पाहिलं, भिंतीत खिळा नव्हता.

"आने वाले को नया नंबर थोड़े ही मालूम होगा," ती म्हणाली, जणू मी कालच येऊन गेले होते.

मी दूध ओतलं. ती डब्यावरून उतरली नाही. पाठमोरीच म्हणाली, "गंगू, उस कागज में क्या था?"

दुधाचा भाव सोडला तर तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"खोली ठेवायची," मी म्हटलं. "एवढंच."

ती वळली. पहिल्या दिवशी फटीतून पाहिलं होतं तसं तिने माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मी नजर खाली केली नाही. ते कसं केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

"अच्छा," ती म्हणाली, आणि तळहात पुढे केला. तिच्या हातातला कोळसा झिजून संपला होता आणि एक आकडा राहिला होता. मी आत गेले, चुलीतला एक गार कोळसा उचलला आणि तिच्या हातावर ठेवला.